नाताळाला भेट देणे बंधनकारक आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाशीची वेचणी चालू असते आणि चर्चमध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार जवळ आलेला असतो, त्या सुमारास जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून हे प्रश्न येऊ लागतात. विचारणाऱ्यांत कॅथलिक आहेत, अलायन्स या प्रोटेस्टंट मंडळ्यांतले आहेत, नवापूरकडचे मावची या आदिवासी समाजाच्या कुटुंबांतले आहेत आणि लग्नानंतर ख्रिस्ती घरात आलेल्या सुनाही आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाच गोष्टीची दोनदा चर्चा टाळण्यासाठी जेथे गरज आहे तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाताळाला भेटवस्तू देणे ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहे का?

नाही. चारही शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या पत्रांत अशी आज्ञा कोठेही नाही. येशूचा जन्मदिवस साजरा करावा, अशीसुद्धा आज्ञा नाही. जन्माची तारीखही शुभवर्तमानांत दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये इ. स. ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगात नोंदलेली आढळते. म्हणजे सण ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) पुढे स्वीकारला आणि भेटींची प्रथा त्याला त्याहूनही नंतर जोडली गेली.

देण्याविषयी नव्या करारातील सर्वांत सविस्तर लेखन करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत आहे. यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा होत असताना पौल स्पष्ट सांगतो की, हे मी आज्ञा म्हणून सांगत नाही (८:८), आणि प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खंत करीत किंवा भाग पडते म्हणून देऊ नये (९:७). उपाशी माणसांसाठी गोळा होणाऱ्या पैशाबाबतही जो प्रेषित सक्ती करत नाही, त्याच्या नावाने नातेवाइकांच्या साड्या आणि शर्टपीस यांची सक्ती कोणी करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

२. मागी लोकांनी बाळ येशूला भेटी दिल्या, हाच आपल्यासाठी नियम नाही का?

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केल्याचे वर्णन आहे. ही घडलेली घटना सांगितली आहे; तुम्हीही असेच करा, असे तेथे म्हटलेले नाही. शिवाय नाताळाच्या नाटिकांमुळे आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र बसले आहे, त्यापेक्षा मूळ वृत्तान्त बराच वेगळा आहे. मागी तीन होते, असे मत्तय सांगत नाही. भेटी तीन प्रकारच्या होत्या, एवढेच सांगतो. ते गोठ्यात आले असेही तो सांगत नाही, घरात आले असे सांगतो. हेरोद राजाने दोन वर्षे व त्याहून लहान मुलांना मारण्याचा हुकूम दिला, त्यावरून ही भेट जन्माच्या रात्रीच झाली असे मानण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा निसटते. मागींनी एकमेकांना काहीही दिले नाही. त्यांनी जे दिले ते येशूला दिले, आणि त्याच्या आईवडिलांकडून परत काही घेतल्याची नोंद नाही. या वृत्तान्ताला नमुना मानायचेच असेल, तर ज्याच्याकडून परत काही येणार नाही त्याला देणे, हा नमुना आहे. येशूला आज कसे द्यायचे, याचे उत्तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे: भुकेल्याला, तहानेल्याला, परक्याला, उघड्याला, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्या माणसाला जे केले, ते मला केले, असे तो म्हणतो.

३. मग ही प्रथा आली कुठून? सांताक्लॉज खरा होता का?

हिवाळ्याच्या मध्यावर भेटी देण्याची चाल ख्रिस्ती धर्माआधीची आहे. रोमन लोक डिसेंबरमध्ये सॅटर्नेलिया नावाचा सण पाळत आणि त्यात तसेच नववर्षाला एकमेकांना भेटी देत. दुसरा धागा संत निकोलस यांचा. ते चौथ्या शतकात मायरा या नगराचे बिशप होते. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानात आहे. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो, आणि युरोपच्या अनेक भागांत मुलांना भेटी मिळण्याचा दिवस पूर्वी तोच होता. नेदरलँड्समध्ये आजही ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी देतात. धर्मसुधारणेनंतर जर्मनीच्या प्रोटेस्टंट प्रदेशांत संतांच्या सणाऐवजी ख्रिस्तजन्माच्या दिवशी भेटी देण्याची चाल रुजली. डच लोकांचा ‘सिंटरक्लास’ अमेरिकेत पोहोचला आणि एकोणिसाव्या शतकात त्याचे आजचे सांताक्लॉजचे रूप तयार झाले.

निकोलस यांच्याविषयी सांगितली जाणारी कथा खान्देशातल्या वाचकाला परकी वाटू नये. एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसा नसल्यामुळे त्यांची लग्ने होत नव्हती. निकोलस यांनी रात्री, कोणाला कळू न देता, खिडकीतून सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या. कथा ऐतिहासिक म्हणून सिद्ध करता येत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ती सांगणाऱ्यांना भेट म्हणजे काय वाटत होते, ते तिच्यातून कळते. ती अडलेल्या घराला होती, गुप्त होती आणि परतफेडीची वाट बंद करून दिलेली होती.

४. आम्ही कॅथलिक आहोत. चर्चच्या नियमात तरी भेटींचे बंधन आहे का?

नाही. कॅथलिकांसाठी नाताळ हा बंधनकारक पवित्र दिवस आहे, पण ते बंधन मिस्सात, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, सहभागी होण्याचे आणि उपासनेच्या आड येणारी कामे टाळण्याचे आहे. आपापल्या ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवण्यास मदत करावी, हाही चर्चच्या नियमांपैकी एक आहे, परंतु तो वर्षभराचा आहे आणि नातेवाइकांना वस्तू देण्याशी त्याचा संबंध नाही. आजारी माणूस, तान्ह्या बाळाची आई किंवा जवळपास फादर येण्याची सोय नसलेल्या पाड्यावरचे कुटुंब यांना मिस्साच्या बंधनातूनही सूट असते. ज्या चर्चने एवढा विचार केला आहे, तिने भेटींचा नियम केला असता तर तो लिहून ठेवला असता.

५. काही ख्रिस्ती लोक नाताळच पाळत नाहीत, असे ऐकले. ते चुकतात का?

यहोवाचे साक्षीदार नाताळ पाळत नाहीत. मुख्य प्रवाहातील मंडळ्यांशी त्यांचे मतभेद केवळ सणापुरते नाहीत, म्हणून त्यांचे उदाहरण येथे फारसे उपयोगी नाही. प्युरिटन या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट लोकांचे उदाहरण अधिक उपयोगी आहे. बायबलमध्ये आधार नाही म्हणून त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळण्यावर बंदी घातली आणि पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला. ती बंदी १६८१ साली उठली. स्कॉटलंडमध्ये नाताळाची सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली. हे सर्व स्वतःला निष्ठावंत ख्रिस्ती समजणारे लोक होते.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो की, कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो. प्रत्येकाची आपल्या मनात खात्री असावी. कलस्सैकरांस पत्रात (२:१६) सणांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे सांगितले आहे. जो सण पाळतो त्याने न पाळणाऱ्याला नावे ठेवू नयेत आणि न पाळणाऱ्याने दंड ठोठावत बसू नये.

६. नाताळच्या उपासनेत पाकीट येते. तेही ऐच्छिक आहे का? पाकिटावर नाव लिहावे का?

ते विशेष अर्पण आहे आणि ऐच्छिक आहे. दशमांशाविषयी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याविषयी, मंडळ्यांची शिकवण वेगवेगळी आहे. आपल्या मंडळीत जे शिकवले जाते त्याप्रमाणे नियमित देणे हा वेगळा विषय असून नाताळच्या पाकिटाने तो वाढत नाही किंवा भागत नाही. हिशेबासाठी पाकिटावर नाव लिहायला हरकत नाही. मात्र कोणी किती दिले याची यादी उपासनेत वाचून दाखवण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. ज्या घरात दोन लहान नाणीच आहेत, त्या घराला ती यादी ऐकताना काय वाटत असेल, हे लूकाच्या एकविसाव्या अध्यायातील गरीब विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट वाचणाऱ्याला निराळे सांगावे लागू नये.

७. मोठ्या जाऊबाईंनी नाताळाला सगळ्यांना कपडे केले. आता आम्हालाही तेवढेच करावे लागेल का? न केल्यास पाप लागेल का?

सर्वांत जास्त हाच प्रश्न येतो आणि आमच्या मते या साऱ्या विषयाचे मूळ येथे आहे. खान्देशात लग्नाचा आहेर वहीत लिहून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. कोणी टॉवेल-टोपी आणली, कोणी साडी नेसवली, कोणी किती रुपये दिले, हे सर्व त्या वहीत असते आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की वही उघडून तेवढ्याच तोलाचा आहेर केला जातो. ही रीत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. लग्नाचा खर्च एका घराला पेलत नाही, तेव्हा अनेक घरांनी मिळून तो उचलायचा आणि पाळीपाळीने परत करायचा, अशी ती जुनी परस्पर मदत आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा तीच वही मनातल्या मनात नाताळालाही उघडली जाते.

लूकाच्या चौदाव्या अध्यायात येशू एका यजमानाला सांगतो की, जेवण देशील तेव्हा मित्र, भाऊ, नातेवाईक आणि श्रीमंत शेजारी यांनाच बोलावू नकोस, कारण ते तुला उलट बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. ज्याची फेड ठरलेली आहे असे देणे म्हणजे व्यवहार. तो प्रामाणिक असू शकतो, पण त्याला नाताळची भेट म्हणण्याची गरज नाही.

म्हणून प्रश्नाचे थेट उत्तर असे की, परत न केल्याने पाप लागत नाही. जाऊबाईंनी प्रेमाने दिले असेल, तर मनापासून आभार मानून ते स्वीकारावे आणि त्यांच्या दारात तेवढ्याच किमतीची पिशवी घेऊन जाण्याची घाई करू नये. त्यांनी फेडीच्या अपेक्षेने दिले असेल आणि बोलणी बसत असतील, तर सणाआधीच, शक्यतो नवऱ्याने आपल्या भावाशी, शांतपणे बोलून घ्यावे की यंदापासून मोठ्यांची देवाणघेवाण थांबवू आणि मुलांपुरतेच करू. असे बोलणे सुनेवर टाकणे अन्यायाचे आहे, हे येथे मुद्दाम नोंदवतो. प्रत्यक्ष पैशांचीच अडचण असेल, तर प्रश्न ९ पाहावा.

८. मुलीच्या सासरचे म्हणतात की दिवाळी आणि आखाजी तुम्ही करत नाही, मग नाताळाला जावयाचे कपडे झालेच पाहिजेत. काय करावे?

आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकीला माहेरी आणणे, हा खान्देशातील जिव्हाळ्याचा भाग आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबांतही लेक नाताळाला माहेरी यावी असे आईवडिलांना वाटते, यात काहीच गैर नाही. लेकीला आणि जावयाला आनंदाने काही द्यावेसे वाटले, तर द्यावे. परंतु मागणी करून, यादी देऊन किंवा मुलीला टोमणे मारून जे घेतले जाते, ती भेट राहत नाही. मागणी लग्नाच्या संबंधात होत असेल आणि छळापर्यंत जात असेल, तर हुंडाप्रतिबंधाचा १९६१ चा कायदा ख्रिस्ती विवाहालाही लागू आहे, हे पाळकांनी आणि फादरांनी दोन्ही घरांना स्पष्टपणे सांगावे.

९. यंदा कापूस भिजला, भाव नाही, हातात पैसा नाही. उसने घेऊन मुलांना कपडे घ्यावेत का?

सणासाठी कर्ज काढू नये. रोमकरांस पत्रात (१३:८) प्रीतीच्या ऋणाखेरीज कोणाच्याही ऋणात राहू नका, असे सांगितले आहे. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:८) स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला फार कठोर शब्द वापरले आहेत. ही दोन वचने एकत्र वाचली तर क्रम लागतो: आधी घरातले धान्य, औषध आणि शाळेचा खर्च, मग उरल्यास भेटी. सावकाराच्या व्याजाने आणलेला नवा शर्ट पुढच्या हंगामापर्यंत घरातल्या सर्वांना महाग पडतो.

मुलांना मात्र खरे सांगावे. यंदा कपडे नाहीत, करंज्या आणि शंकरपाळे करू, रात्री शेकोटीजवळ कॅरल गाऊ, असे आधीच सांगितलेले मूल समजून घेते. शेवटच्या दिवसापर्यंत आशेवर ठेवलेले मूल दुखावते. मंडळीतील ज्यांची ऐपत आहे, त्यांनी अशा घराकडे लक्ष ठेवावे, आणि ते करताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देण्याची मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील सूचना अक्षरशः पाळावी. मंचावर बोलावून, फोटो काढून दिलेले ब्लँकेट घेणाऱ्याला थंडीपेक्षा जास्त बोचते.

१०. तरुण संघात चिठ्ठ्या टाकून सीक्रेट सांता करतात आणि दोनशे रुपयांची वस्तू आणायची अट असते. भाग घेतलाच पाहिजे का?

नाही. आयोजकांनी चिठ्ठीत नाव टाकण्यापूर्वी विचारावे, किमतीची वरची मर्यादा ठेवावी, खालची ठेवू नये, आणि हाताने केलेली वस्तू चालेल हे जाहीर करावे. मजुरी करून शिकणाऱ्या मुलाने या एका अटीमुळे उपासनेला येणे बंद केले, तर खेळ रद्द करावा.

११. हिंदू शेजाऱ्यांकडून दिवाळीचा फराळ येतो. नाताळाला आम्ही द्यायलाच हवा का? आणि त्यांनी गैरसमज करून घेतला तर?

बंधन नाही, पण द्यावा असे आम्ही आग्रहाने सांगू. प्रश्न ७ मधील परतफेडीचा मुद्दा येथे लावू नये, कारण शेजाऱ्याच्या ताटावर झाकलेल्या रुमालाखाली हिशेब नसतो; एकमेकांच्या सणात सहभागी होण्याची ती गावाची पद्धत आहे. शेजारी मांसाहार करत नसतील, तर त्यांच्यासाठी अंड्याशिवाय केक करावा किंवा करंज्या द्याव्यात, आणि तसे देताना सांगावे, म्हणजे त्यांना विचारण्याचा संकोच पडत नाही.

गैरसमजाबाबत एकच नियम पुरेसा आहे. भेटीला कोणतीही अट, अपेक्षा किंवा आमिष जोडू नये. तुम्हाला फुकट मिळाले आहे, फुकट द्या, असे येशूने शिष्यांना सांगितले (मत्तय १०:८). ज्याला आपण धान्य किंवा ब्लँकेट देतो, त्याने उपासनेला यावे अशी मनातून जरी अपेक्षा असली, तरी त्या माणसाचा आणि शुभवर्तमानाचा दोघांचाही त्यात अवमान होतो.

१२. मी शेतकरी आहे. सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला) नाताळाला कपडे आणि मिठाई देतो. त्याची मागची काही रक्कम बाकी आहे. ती भेटीत धरली तर चालेल का?

चालणार नाही. येथे मात्र बंधन आहे, आणि ते भेटीचे नसून मजुरीचे आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये, असे जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. याकोबाच्या पत्रात (५:४) शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे, असे म्हटले आहे. आखाजीला ठरलेल्या सालाप्रमाणे जे देणे निघते, ते आधी पूर्ण द्यावे. कपडे आणि मिठाई त्यानंतर, आणि ती पुढच्या उचलीतून वळती न करता द्यावी. हाच नियम घरकाम करणाऱ्या बाईंना आणि दुकानातल्या मुलाला लागू आहे.

१३. आजारपणात मी बोललो होतो की बरा झालो तर नाताळाला चर्चला घंटा देईन. आता ऐपत नाही. हे तरी बंधनकारक आहे ना?

येथे उत्तर बदलते. भेट देणे बंधनकारक नाही, पण दिलेला शब्द पाळणे बंधनकारक आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आणि ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हेच आहे: नवस न केल्यास दोष नाही, केल्यास तो फेडण्यास उशीर करू नये. तरीसुद्धा पुढील गोष्टी विचारात घ्याव्यात. देवाला उद्देशून, समजून-उमजून केलेला नवस आणि वेदनेत तोंडून निघालेले वाक्य यांत फरक आहे. कॅथलिकांमध्ये पॅरिशचे धर्मगुरू योग्य कारण असल्यास खासगी नवसातून सूट देऊ शकतात, म्हणून मनात कुढत न बसता फादरांशी बोलावे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशी औपचारिक पद्धत नाही. तेथे पाळकांसोबत प्रार्थना करून, जमेल तेवढे आणि जमेल तेव्हा देण्याचे ठरवावे. घरातल्यांचे पोट मारून घंटा आणू नये. प्रश्न ९ मधला क्रम येथेही लागू आहे.

लहान मुलाला दिलेल्या वचनालाही हेच लागू होते. सायकल देईन असे म्हटले असेल, तर ती द्यावी किंवा का देता येत नाही ते त्याला समोर बसवून सांगावे.

१४. माझे सासर हिंदू आहे. मी नाताळाला सासूबाईंना साडी दिली तर त्या घेतील, पण माझ्या मनाला प्रश्न पडतो की हे धर्माचे झाले की घरचे?

दोन्ही असू शकते आणि त्यात विरोध नाही. तुमच्या आनंदाच्या दिवशी तुम्ही त्यांची आठवण ठेवलीत, एवढे त्यांना समजले तरी पुरे आहे. साडीसोबत पत्रिका, वचनाचे कार्ड किंवा बायबल द्यायचे की नाही, हे त्यांच्या मनाचा कल पाहून ठरवावे. त्यांनी मागितल्याशिवाय देऊ नये, असे आम्हाला वाटते.

१५. आमच्या पाड्यावरची निम्मी घरे डिसेंबरात ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांच्यासाठी ठेवलेल्या वस्तू नाताळानंतर दिल्या तर चालतात का?

चालतात. भेटीला २५ डिसेंबरचे बंधन नाही. पाश्चात्त्य परंपरेत नाताळाचा काळ पुढेही चालू राहतो आणि ६ जानेवारीला मागींच्या आगमनाचा प्रकटीकरणाचा सण येतो. स्पेनमध्ये मुलांना मुख्य भेटी त्याच वेळी मिळतात. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे चालणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर नाताळच ७ जानेवारीला पाळतात. ऊसतोडीची कुटुंबे त्यानंतरही कित्येक आठवडे फडातच असतात, म्हणून कपडे त्यांच्या परतीपर्यंत राखून ठेवण्यापेक्षा स्वेटर आणि पांघरुणे थंडी असेपर्यंत पोहोचवणे चांगले. कोणत्या टोळीबरोबर कोण गेले आहे, हे मुकादमाकडून कळते, आणि गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात ज्या कारखान्याच्या हद्दीत टोळी उतरली असेल, तेथील जवळच्या मंडळीला पाळकांमार्फत निरोप देता येतो. गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची आणि शाळेसाठी ठेवलेल्या मुलांची नावे मात्र सणाआधीच्या रविवारी लिहून घ्यावीत, कारण नाताळच्या जेवणाला त्यांना घेऊन येणारे घरात कोणी नसते.